धाकटीची सुकेळी

केसपेपर काढून आलेली क्रिस्टिना दवाखान्याच्या बाकामागेच थबकली. पपा शेजारच्या अनोळखी बाईंशी बोलत होते.

"थोरला कॅनडात इंजिनीअर आहे. मधली डॉक्टर."

"आणि धाकटी?"

क्रिस्टिनाने मान खाली घातली. पपांनी पिशवीतून पुडी काढली.

"आधी हे खाऊन बघा."

"अगंबाई, सुकेळी! लहानपणी खाल्ली होती, त्यानंतर आजच. किती मऊ! अजून कोण करतं हो ही?"

"आमच्या सांडोरात एकच करते. केळी स्वतः लावते, आठ-आठ दिवस उन्हात वाळवते, रोज हाताने फिरवते."

"कोण ती? नाव तरी सांगा!"

"बघा बाई, इंजिनीअर आणि डॉक्टर मला सांगावे लागले. हिचं नाव तुम्ही विचारलंत."