मोत्याची जागा

होडीतून कुत्रं न्यायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा! दुष्काळात आम्हीच माती वाहून बांधलेला तलाव पहिल्यांदा भरला, तेव्हाची गोष्ट. मच्छीमार सोसायटीनं नवी होडी आणली होती. दिवाळीत पलीकडच्या गावी नणंदेकडं जायचं ते होडीतूनच, असा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, हट्ट धरला. आमचा मोत्याही निघाला.

आता मोत्याचा सगळा प्रवास बैलगाडीखालून. बाजार असो की जत्रा, तो गाडीच्या सावलीत, दोन चाकांच्या मधून चालायचा. होडी सुटली तसा तो पाण्यात शिरला आणि सरळ तिच्याखाली जायला लागला! एकदा डोकं वर आलं, मग दिसेचना.

"आबा, बुडतंय की ते!" मी ओरडले. आमच्यात पोहता कुणालाच येत नव्हतं.

नावाड्यानं वाकून त्याला मानगुटीला धरून वर ओढलं. "आबा, आधीच वर घ्यायचं न्हाय का याला?"

"जल्मात कधी गाडीत बसलं न्हाय ते," आबा म्हणाले. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी होडीची कड धरलेली.

मोत्यानं अंग झाडून सगळ्यांना भिजवलं, आबा बसलेल्या फळीखाली शिरला आणि बिनघोर पडला. आबांनी एक डोळा उघडून खाली बघितलं. मग कड सोडली, मांडी घातली.

"हाका आता," ते नावाड्याला म्हणाले. "कुत्रं खाली हाय, गाडीला काय भ्या न्हाय."