मधातली काच

तुमच्या हुडको कॉलनीच्या हॉलमधला प्रोजेक्टर पाहिला, अन् मले बाबा गेल्यावरचं त्याईचं पुण्यानुमोदन आठवलं.

बाबा स्टील प्लांटात ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर होते. त्याईचा चांगला फोटो एकच, तोही स्लाइडच्या फिल्मवर. एका रशियन इंजिनिअरनं काढून दिलेला. भट्टीवर त्याईच्या संगं काम केलेले दोस्त गजभिये काका कुठून तरी जुना स्लाइड प्रोजेक्टर घेऊन आले. टेबलावर मेणबत्तीजवळ आईनं बाबाची निळी काच ठेवली होती, भट्टीत पाहताना डोळ्यासमोर धरायची ती.

पडद्यावर बाबा फिके दिसले.

"मांगच्या लोकाईले चेहराच दिसून नाही राहिला," काका म्हणाले. त्याईनं मोठा बल्ब लावला. बल्ब अन् स्लाइडच्या मधात एक हिरवट काच होती, तीही काढून टाकली. "ही काच उजेड खाऊन राहिली."

मग बाबा असे लख्ख दिसले, का सारा हॉल उठून उभा राहिला. मांगून कोणी तरी म्हणलं, "राहू द्या, बंद नका करू."

राहू दिलं. थोड्या वेळानं बाबाच्या गालावर तपकिरी डाग उमटला अन् पसरत गेला. काका धावले, स्विच बंद केला, पण चेहरा जळून गेला होता. ती हिरवट काच उजेड नव्हती खात, बल्बची गरमी अडवून राहिली होती.

काका खालीच बसले. आईनं टेबलावरची निळी काच उचलली अन् त्याईच्या हातात दिली.

"भाऊ, तुमी दोघं जिंदगीभर हिच्याशिवाय भट्टीत डोकावले नाही. मंग आज ह्याईच्या समोरची काच कावून काढली?"