सांत्वनाचा फोन

आमच्या आप्पांनी साहेबांचं सांत्वन केलं तो फोन तुम्हाला सांगितलाच नाही वाटतं! विद्यापीठात कोणती पदं ठेवायची याचा आढावा चालू होता आणि नंदुरबारच्या आमच्या छोट्या केंद्रात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मुख्यालयातले एक साहेब दर सोमवारी पत्र पाठवायचे, 'योग्य वेळी कळवण्यात येईल. अफवांवर विश्वास ठेवू नये.'

एका सोमवारी पत्राऐवजी रद्द झालेल्या पदांची यादीच आली. आप्पा आमचे शिपाई. त्यांनी ती दोनदा वाचली. त्यांचं पद वाचलं होतं, पण यादीत पहिलंच पद साहेबांचं होतं. आप्पा मनाने हळवे. आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावलासुद्धा.

"साहेब, भलतं वाईट वाटनं. तुमनं पद गयं ना."

"कोण म्हणतं? किती वेळा लिहू, अफवांवर विश्वास ठेवू नका!"

"अफवा नही साहेब, यादी मन्हा हातमा शे. पहिलं तुमनंच शे."

मग साहेब हळूच म्हणाले, "आप्पा, तेवढा फोटो काढून पाठवता का? आम्हाला अजून कोणी कळवलं नाही."