पुलावरच्या अकरा बाया

मी मूळची खर्ड्याची. किल्ल्याच्या अंगाला आमचं घर, पान्याला कोसभर जायाचं, आन् मला दिली ती इकडं बेलापुराच्या बाजूला, पाटाच्या पान्यावर, तवा आई म्हनली, माझी पोर पान्यात पडली, आता तिला काय कमी न्हाई. बरं, पडले. पन पाट असला तरी रान दीडच एकर, आन् घरात सासू, सासरे, दोन दीर, आमी दोघं, समद्यांनी एकाच वाफ्यात उभं ऱ्हायाचं का? म्हनून मी साखर कारखान्यात लागले. फाटकी पोती सांधायची, दिवसभर हातात दाभन. हे बगा बाई, बोटाला घट्टा अजून हाय.

कारखाना गावापासनं दोन कोस. दुष्काळ पडायच्या आदलं साल आसंल, माझी थोरली तवा चार म्हैन्यांची, अंगावर पीत हुती, तिला सासूपाशी ठिवून जायाचं. चालत घरी येस्तवर दिवेलागन व्हायची आन् पोर रडून रडून गळून गेलेली. मग कारखान्यानं ट्रक सुरू केला, पाच गावं फिरून कामगार गोळा करायचा, सुटी झाली की परत आनून सोडायचा. त्या ट्रकानं माझी पोर वाचली, दुसरं तिसरं कुनी न्हाई.

पन त्यात चढायचं कसं, ते ऐका. ट्रक थांबायचा मारुतीपुढं, पारापाशी. पारावर सकाळी म्हातारी मानसं बसलेली, त्यात आमचे सासरे पयले, मामंजी म्हनायचो आमी त्यांना. आता चाकावर पाय द्यायचा, फळी धरायची, अंग वर घ्यायचं, म्हंजी लुगडं गुडघ्यापतुर येनारच की. मामंजी म्हनले, काम कर, पन पारासमोर गाडीवर चढायचं न्हाई. समद्याच घरी हेच. मग आमी अकरा बाया गाव मागं टाकून पाटाच्या पुलावर जायाचो, पुलाला कठडा हुता, कठड्यावरनं पाऊल थेट गाडीत. डायव्हर भला मानूस, साहेबाला न इचारता थांबायचा.

आन् एक दिस हजेरी लिवायच्या टाइम ऑफिसातला कारकून वही घिऊन पारावर येऊन बसला. नगरचा, सावेडीचा, पँटीला कडक इस्त्री. कुठल्या गावातनं किती मानसं चढत्यात ते आठ दिस मोजायचं, जिथं कमी तिथला थांबा बंद. आमच्या गावात चढले तीन गडी. रोज तीनच. सातव्या दिशी डायव्हर पुलावर हळूच म्हनला, बायांनो, तुमचं गाव कटनार, गाडी फाट्यावरनं वळनार, पन मी हितं थांबतो हे बोलू नका, माझी नोकरी जाईल. फाटा आमच्यापासनं दीड कोस. मग त्या गाडीचा आमाला काय उपेग?

दुपारच्या सुटीत मी गेले टाइम ऑफिसात. म्हनलं, सायेब, आमच्या गावच्या अकरा बाया हाईत, वहीत का न्हाईत? तो म्हनला, मी सात दिस तिथंच बसतोय, मला एक बाई दिसली न्हाई, कुठून चढता तुमी? आता त्याला काय सांगू? पूल म्हनावं तर डायव्हर जातो, पार म्हनावं तर खोटं. मी म्हनलं, उद्या पारावर बगा. तो म्हनला, उद्या शेवटचा दिवस, दिसलं ते लिवीन.

संध्याकाळी मी बायांना म्हनलं, उद्या पारापुढं चढू, दहाजनी व्हय म्हनल्या, आन् सकाळी दहाजनी मारुतीच्या देवळामागं उभ्या. त्यांना तरी काय बोलायचं, भ्यालेल्या हुत्या. मी पन भ्याले हुते. ट्रक आला. मी पदर खोचला, चाकावर पाय दिला आन् मामंजी उठून म्हनले, खाली उतर. मी फळी सोडली न्हाई. म्हनलं, मामंजी, माझी पोर उपाशी ऱ्हाती, मी उतरनार न्हाई, लाज तुमाला वाटतीया तर तोंड तुमी फिरवा. जन्मात त्यांच्यापुढं वर तोंड करून बोलले नव्हते, त्या दिशी बोलले, चाकावर उभं ऱ्हाऊन. वर गेले तशी मागनं एकेक यायला लागली. कारकून मोजत हुता. तीन गडी, अकरा बाया म्हनत लिवलं त्यानं, मी वरनं वाकून बगितलं, वाचता येत नव्हतं तरी बगितलं.

थांबा ऱ्हायला. मामंजी वर्षभर माझ्याशी बोलले न्हाईत, मी वाढलेलं जेवले न्हाईत, सासूनं वाढायचं. सासू म्हनायची, पाया पड, मिटव. मी न्हाई पडले. कशापायी पडू?

पुढं एक दिस मामंजींची लघवी अडकली. रातभर तळमळले, सकाळी कारखान्याच्या दवाखान्यात न्यायला दुसरं काय वाहन? तोच ट्रक. दोघांनी खालनं धरलं, तरी म्हाताऱ्याला चढता येईना. मी वर उभी हुते. वरनं हात दिला आन् म्हनलं, मामंजी, पाय चाकावर द्या. दिला त्यांनी. धोतर गुडघ्याच्या वर गेलं, अख्खा पार बगत हुता. मला लई बोलायचं हुतं, पन मी त्यांचा हात नुसता घट्ट धरला. परत आल्यावर म्हनले, सूनबाई, ताट कर. माफी न्हाई मागितली, त्यांनी न्हाई आन् मीबी न्हाई.

आता तो ट्रक न्हाई. नात कॉलेजाला जाती, कॉलेजाची गाडी त्याच पारापाशी थांबती, देव तिला सुखात ठिवो. ती चढस्तवर मी पारावर बसते, मामंजींच्या जागेवर. बाईमानसानं पारावर बसू नये म्हनत्यात. मला ऊठ म्हननारा अजून कुनी आला न्हाई.