स्रोत दाखवा, ताई

अहो ताई, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय ना! चाळीस वर्षं या छापखान्यात प्रुफं तपासलीत, डोळे अजून शाबूत आहेत माझे. पण मला दिसून उपयोग काय? इंटरनेटवरच्या आमच्या ज्ञानकोशाचा नियम आहे — स्रोत हवा. छापून आलेलं हवं, त्रयस्थानं लिहिलेलं हवं. माणसानं स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं चालत नाही. उद्या मी म्हणेन मी राजा आहे — मानणार का कोणी? नाही ना मानणार. मग तुम्ही इथे येऊन म्हणताय, मी मेले नाही, माझ्या पानावरचं निधन काढा — आता याला पुरावा काय? हसू नका. बरं, हसा, हसा, निदान हसलात तरी, आल्यापासून चेहरा पार उतरलेला होता. शाल काढून ठेवा की, उकडतंय. पिशवी पण ठेवा खाली. नको? राहू दे मांडीवर.

नाही नाही, मला कल्पना आहे प्रकरण गंभीर आहे. सोमवारची खाणीची सुनावणी, आणि त्या कारकुनानं इंटरनेटवर पाहून साक्षीदारांच्या यादीतून तुमचं नावच उडवलं — मयत म्हणून! वर तुमच्याच हातात पानाची छापील प्रत दिली, घ्या, वाचा! काय माणूस आहे. समोर बाई उभी आहे जितीजागती, आणि हा पठ्ठ्या कागद बघतो. आणि तुम्ही नाही बोललात तर डोंगरावरच्या लोकांच्या वतीनं बोलणार कोण? तो जुना मोजणीचा नकाशा तुमच्याशिवाय कोणाकडे नाही, खाण यायच्या आधीचा, डोंगर त्यांच्या नावावर दाखवणारा. मला पाठ आहे सगळं, ताई. तुमचं पान मीच सुरू केलं ना! सहा वर्षं झाली. वाचनालयात तुमचं व्याख्यान होतं, आदिवासींच्या जमिनीवरच्या हक्काचं, पंधरा-सतरा माणसं असतील, त्यात तिघं झोपलेली. मी घरी आलो ते जेवलोच नाही, लिहायलाच बसलो. जन्म, शिक्षण, अहवाल, खटले — बेचाळीस संदर्भ जोडलेत मी त्या पानाला, बेचाळीस! खाली पोरं मला रफारभाऊ म्हणतात. सुटलेला रफार दिसला की मला घास गिळवत नाही म्हणून. बायको म्हणते, तुमच्या तावडीत सापडला की माणूस तासभर सुटत नाही. खोटं नाही तिचं. पाणी घ्या. मघाशी आणून ठेवलंय, तसंच आहे.

कुलूप? हो, पानाला कुलूप मीच लावलं. म्हणजे प्रचालक आहे ना मी, आम्हा चार-पाच जणांनाच तो अधिकार असतो. कुलूप लावलं की सोम्यागोम्याला बदल करता येत नाही. का लावलं — अहो, खोडसाळपणा फार होतो. तसं सुचवलंही होतं एकानं. आहेत एक साहेब. खाणीच्याच कचेरीतले, पण माणूस अतिशय सभ्य हं, आवाज कधी चढायचा नाही, मी मनात त्यांना हळूबोले म्हणतो. इथेच बसायचे, याच खुर्चीत. म्हणाले, ताईंबद्दल आम्हाला आदरच आहे, फक्त पान समतोल हवं. आता समतोल हवं यात वाईट काय? मग एक "वाद" नावाचा भाग आला. मग तुमच्या आईच्या गावाचं नाव. मग तुम्ही हल्ली कुठे राहता ते, कोणत्या वळणाच्या रस्त्यानं जा-ये करता ते — हो, मलाही वाटलं, हे कशाला ज्ञानकोशात? पण छापून आलेलं होतं! कात्रण आणलं होतं त्यांनी. स्रोत होता, ताई. मी काय करणार?

असं बघू नका माझ्याकडे. त्याच महिन्यात आमची धाकटी मुलगी त्यांच्या खाणीच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. स्वतःच्या गुणावर लागली. मी शब्द टाकला नव्हता. त्यांनीच विचारलं, घरी कोण कोण असतं म्हणून, मी सांगितलं, एवढंच. माझ्या बोलण्याला धरबंध नाही हे खरंच आहे.

हे बघा, तुमच्यासमोर काढतो. मरू दे तो नियम. स्वतः बाई येऊन बसल्यात आणि मी स्रोत मागतोय, माझंच डोकं फिरलंय. हे गेलो इतिहासात, म्हणजे कोणी कधी काय बदललं ती यादी. मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, "निधन" भरलं... कोणी? माझं नाव आहे, हो. पण मी नाही भरलं. आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो — पावसाळ्यात मी तापानं आठ दिवस पडून होतो, तेव्हा फोनवर हळूबोल्यांना माझा पासवर्ड दिला. आठ दिवसांपुरता. नंतर बदलायचा राहिला. बदलायचा राहिला म्हणजे — नाही बदलला. मंगळवारी चहा पिताना मला ते निधन दिसलं. माझ्या नावानं, आणि खाली एकही संदर्भ नाही! दुसऱ्या कुणाचं असतं तर मी तिथल्या तिथे उडवलं असतं. तुम्हाला एक फोन केला असता तरी कळलं असतं. नाही केला. म्हटलं, कशाला उगाच. लाज वाटते, ताई, सांगताना.

थांबा, तारीख तर पूर्ण बघू द्या. तुमच्या प्रतीत नुसतं साल आलंय, कारकुनानं अर्धंच पान छापलं. इथे उजवीकडच्या चौकटीत... सतरा. आज किती तारीख? सतराच. नाही, मंगळवारी भरलंय ना, मंगळवारी चौदा होती. चौदाला सतरा तारखेचं निधन कसं भरेल कोणी? चुकून टायपलं असेल. चार आणि सात कळफलकावर जवळजवळच... तेवढे जवळ नाहीत.

काढलं. हे बघा, गेलं! झालात तुम्ही जिवंत. उगाच घाबरवलं मी तुम्हाला. तुम्ही गाडीनं आलात ना? खाली उभी आहे तीच? नेहमीचा चालक आजारी आहे? आणि हा नवा कोणी दिला — सुनावणीच्या कचेरीनं पाठवला? आणि तुम्ही मयत म्हणून त्यांनीच नाव काढलं ना, मग गाडी कोणासाठी पाठवली त्यांनी?

परत आलं. ताई, परत आलं ते. माझ्याच नावानं. हात बघा माझे, इथे आहेत, टेबलावर, मी काही केलेलं नाही. आणि या वेळी स्रोत जोडलाय. बातमी आहे, दैनिकाच्या साइटवरची. "ज्येष्ठ अभ्यासकाचे अपघाती निधन. वळणाच्या रस्त्यावर सायंकाळी सहाच्या सुमारास गाडी दरीत. चालकाने वेळीच उडी मारल्याने तो बचावला." आधी लिहून ठेवतात, ताई, आम्हीही ठेवायचो, मोठ्या माणसाच्या निधनाचा मजकूर जुळवून तयार असायचा, फक्त वेळ भरायची. यांनी वेळही भरली आणि घाईत साइटवर सोडूनही दिलं. ते घड्याळ बघा. पाचला दहा कमी आहेत.

एक सांगायचंय. मघाशी मी पाणी आणायला आत गेलो ना, तेव्हा मी हळूबोल्यांना कळवलं. "आल्या" एवढंच. ते म्हणाले होते, ताई कधी आल्याच तर सांगा, आम्हाला दिलगिरी व्यक्त करायची आहे. मला खरं वाटलं. नाही — खरं वाटून घेतलं मी.

बघा, त्यांचाच फोन. काही बोलू नका. हं, साहेब! हो, आहेत ना. बसल्यात. नाही, आत्ताच नाही निघत, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मी सोडतोय होय! अर्धा तास तरी. हो, त्याच रस्त्यानं. हो साहेब, धाकटी मजेत आहे. आज दुपारची पाळी आहे तिची. बरं. ठेवतो.

उठा. आतल्या खोलीतून मागचा जिना आहे, तो खाली कागदाच्या गोदामात उतरतो. छपाईचं मशीन चालू आहे तोवर कोणाला पावलं ऐकू यायची नाहीत, पाचला बंद होतं ते. चपला हातात घ्या. शाल राहू द्या खुर्चीवर, मुद्दाम राहू द्या. पिशवी सोडू नका. घरी जाऊ नका, लेकीकडेही नको, जिचं नाव पानावर नाही अशी कोणी मैत्रीण असेल तर तिच्याकडे जा. आणि पान? पान राहू दे, ताई, तसंच राहू दे! मेलेल्या बाईला कोण शोधतंय? सोमवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांसमोर उभ्या राहा, नकाशा उलगडा आणि बोला. यादीत नाव नसलं तरी बोला. ते नोंदलं जाईल, छापून येईल — मग मला स्रोत मिळेल. तेव्हा मी तुम्हाला जिवंत करतो, माझ्या स्वतःच्या हातानं. माझं काय ते मी बघतो. धाकटीचं... तेही बघतो. जा आता.

कोण? या, या, दार उघडंच आहे. तुम्ही चालक ना? ताई आहेत की, तोंड धुताहेत आत, येतीलच. ती काय शाल. मशीन बंद झालं वाटतं, किती शांत वाटतं नाही? अहो, आत कशाला जाताय, बाईमाणसाला वेळ लागतो. बसा. बसा म्हणतो ना. दार मी लावून घेतो. पाणी घ्या, भरलेलंच आहे, कोणी तोंड लावलेलं नाही. आता आलाच आहात तर सांगतो तुम्हाला, हा ज्ञानकोश आहे ना आमचा, त्याचा एक नियम आहे —