गुप्त पानावरचा शिक्का

मी मूळचा कणकवलीकडचा, म्हणजे कणकवलीत उतरून आत तासभर चालायचं, आणि पहिलंच सांगून ठेवतो, मी भित्रा माणूस. लहानपणापास्नं. शाळेत मास्तर नुसते खाकरले तरी माझ्या हातातली पाटी पडायची, आई बोलायची ह्या झिलाचा काळीज चिमणीचा असा. नववीत नापास झालो तसं काकांनी मुंबईला आणलं आणि गिरणीत चिकटवलं, साचाखात्यात, म्हणजे मागांवर. तिथे मात्र मी भ्यायचो नाय, का माहितीये, तिथे मशीनचा एवढा आवाज की कोण कोणावर ओरडतोय तेच कळायचं नाय. बरी गेली ती वर्षं. मग संप झाला, ते तुम्हाला माहीतच आहे, ते मी परत उगाळत नाय. गिरणी गेली आणि दोन वर्षं मी घरी.

भांडुपला डोंगरावर आमची खोली, बायको, दोन पोरं, म्हातारी आई. शेजारचे सावंत मुलुंडच्या एका कॉलेजात ऑफिसात होते, त्यांनी शब्द टाकला आणि मला लायब्ररीत घेतलं, अटेंडंट म्हणून, टेम्पररी. मला वाटलं पुस्तकंच तर उचलायची. पण काय सांगू तुम्हाला, ती शांतता! खुर्ची सरकली तरी पन्नास पोरं वर बघायची. पहिला महिना मी खोकला आला की बाहेर पळायचो. सकाळी पेपर स्टँडला लावायचे, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे काढून द्यायचे, प्रोफेसर लोकांना त्यांच्या खोलीत पुस्तकं नेऊन द्यायची, आणि मधल्या सुट्टीत काउंटर. पोरं मामा मामा करायची. आवडायला लागलं मला. पण भीती होतीच, कारण पेंडसे मॅडम. ग्रंथपाल. आवाज कधी चढवला नाय त्या बाईने, नुसतं चष्म्यावरून बघायच्या, बस, घाम फुटायचा. परब, पुस्तक हातात घेतलं की आधी कार्ड, मग बाकीचं जग, असं बोलायच्या.

ते कार्डाचं सांगतो, नायतर तुम्हाला कळायचं नाय. प्रत्येक पुस्तकात मागे खिसा, त्यात त्या पुस्तकाचं कार्ड. पोराला पुस्तक दिलं की ते कार्ड काढून पोराच्या तिकिटात घालायचं आणि लाकडी ट्रेमध्ये लावायचं. पुस्तक परत आलं की ट्रेमधून शोधायचं, कार्ड पुस्तकात, तिकीट पोराच्या हातात. झालं. कार्ड ट्रेमध्ये राहिलं की पुस्तक पोराकडेच आहे असं धरायचं, मग पोराने कितीही बोंब मारू दे.

आणि गुप्त पान. पुस्तक नवीन आलं की त्याचा दाखल नंबर पहिल्या पानावर असतो, पण तो कोणी फाडला तर? म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावर, सगळ्या पुस्तकांत त्याच पानावर, पुन्हा शिक्का आणि नंबर. ते शिक्के मीच मारायचो म्हणून मला माहीत. कितवं पान ते विचारू नका, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सांगताना जीभ अडखळते.

तर अलका. शेवटच्या वर्षाची, सायन्सची, बारीकशी पोरगी, दोन वेण्या. वडील मरोळला कारखान्यात. केमिस्ट्रीचं जाडजूड बाहेरदेशचं पुस्तक तिने नेलेलं, कॉलेजात एकच प्रत. एके दिवशी मधल्या सुट्टीत काउंटरवर ही गर्दी, त्यात ती आली, मामा घ्या, ह्याची शिलाई सुटलीय. मी बघितलं तर पानं लोंबताहेत. बाजूलाच बायंडिंगचं पोतं बांधायला ठेवलेलं, यादी करून झालेली, मी ते पुस्तक सरळ पोत्यात टाकलं आणि तिला बोललो, तिकीट उद्या ने गं बाळ. आधी कार्ड, मग बाकीचं जग. मी बाकीचं जग आधी केलं. संध्याकाळी पोतं घाटकोपरला बायंडरकडे गेलं आणि माझ्या डोक्यातून सगळं गेलं. ती पण विसरली.

मार्चमध्ये परीक्षा आली. लायब्ररीचं काही राहिलं नाय असा मॅडमचा शिक्का असल्याशिवाय हॉल तिकीट मिळायचं नाय. शनिवार शेवटचा, सोमवारी पेपर. बुधवारी अलका आली, तर ट्रेमध्ये तिच्या तिकिटात त्या पुस्तकाचं कार्ड तसंच. मॅडम बोलल्या पुस्तक आण. ती बोलली मी दिलंय, मामांच्या हातात दिलंय. मामा, तुम्हाला आठवतं ना?

आणि मला आठवलं. तिथल्या तिथे, पोत्याचं तोंडसुद्धा डोळ्यांसमोर आलं. माझा कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात प्रिन्सिपॉलच्या टेबलावर होता, मॅडमचा शेरा पडायचा होता. मी बोललो, मला नाय आठवत.

काय बघितलं तिने माझ्याकडे. रडली नाय, वह्या उचलून गेली.

गुरुवारी तिचे वडील आले, अर्धी रजा टाकून, कारखान्याच्या कपड्यांतच. हात जोडून उभे, बोलले बाई, पोरगी खोटं नाय बोलायची. मॅडम बोलल्या, एकच प्रत आहे, पुस्तक हवं, मी काही करू शकत नाही. मी आतल्या कपाटामागे उभा राहून धूळ झटकत होतो, त्याच त्या चार पुस्तकांची. घरी ताटावर बसलो आणि ताट तसंच बाजूला सारलं. बायको बोलली, तुमका झाला काय, सांगा तरी, मी गावच्या रवळनाथाक गाऱ्हाणा घालतंय. तिला तरी काय सांगणार?

शुक्रवारी पोटात दुखतंय सांगून निघालो, आग्रा रोडवरून बस पकडून घाटकोपर. गल्लीत खळीचा वास, बायंडर चाचा मशीनवर. मी बोललो चाचा, केमिस्ट्री का मोटा किताब. तो बोलला, अरे मामू, वो तो खोल डाला. खोल डाला म्हणजे पुठ्ठे काढून फेकलेले, मागचा खिसा गेला, पहिलं पान गेलं, नुसत्या पानांच्या घड्या दोरीने बांधून कोपऱ्यात, आणि तसले तीन-चार कॉलेजांचे ढीग. माझी वाटच लागली! मला वाटलं होतं पुस्तक पिशवीत घालून आणू, कपाटामागे टाकू, मॅडम, सापडलं! आता कुठलं टाकतो?

खाली बसलो आणि एकेक गठ्ठा सोडून ते पान बघायला लागलो. चाचा बोलला, मामू, पहले पानी पी. पाचव्या गठ्ठ्यात सापडला, आमचा गोल शिक्का, निळा, जरा तिरका, मीच मारलेला.

संध्याकाळी कॉलेजात पोचलो तर मॅडम निघायच्या बेतात होत्या. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि बोललो मॅडम, मी पोत्यात टाकलं, कार्ड न काढता. त्यांनी ते पान काढलं, नंबर ताडून बघितला, ट्रेमधलं कार्ड काढलं आणि शिपायाला अलकाच्या घरी पाठवलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. परब, ती मुलगी तुमचं नाव घेत होती, तेव्हा आठवलं नाही?

तिथे मी परत भ्यालो. बोललो, नाय मॅडम, आज सकाळी आठवलं.

मेमो मिळाला, कायम व्हायला वर्ष लांबलं, तेवढंच. शनिवारी अलका आली, हॉल तिकीट हातात, आणि काउंटरच्या आत येऊन माझ्या पाया पडली. तिला कोणीतरी सांगितलं होतं, मामांनी घाटकोपरला जाऊन पुस्तक शोधून आणलं. मॅडम समोरच होत्या, त्यांनी मान वर केली नाय. मी पण गप्प. सोमवारी तिने पेपर दिला.

ती आता बोरिवलीला शाळेत शिकवते, मोठ्या बाई झाली आहे. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येते, आपल्या पोरांना सांगते ह्या मामांमुळे माझं वर्ष वाचलं. मी हसतो. बेल वाजली की मी दार उघडायला कचरतो, सत्तरी उलटली तरी, आज ती विचारेल असं वाटतं. बायको गेली, मॅडम गेल्या, आता भिण्यासारखी दुनियेत तेवढी एक पोरगीच उरली आहे माझ्यासाठी.

तुम्ही हे लिहून काढताय ना, मग माझं नाव बदलू नका. छापून आलं की एक प्रत तिला पाठवा, पत्ता देतो. तिचं भलं होऊ दे, तिच्या लेकरांचं होऊ दे. या दिवाळीला डबा नाय आला तरी चालेल. तिला कळू दे, मामांना तेव्हाच आठवलं होतं.