केशरी की बदामी

अडतीस साली धुळ्याच्या दवाखान्यात मी मोतीबिंदूच्या रांगेत बसलो होतो. ऑपरेशन झालेला वना रंगारी नवा जाड चष्मा लावून डॉक्टरांच्या खोलीतून आला आणि माझ्याच बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोशेजारी टेकला.

"दिसतंय का?" तिनं विचारलं.

"बठ्ठं दिसस. सगळं."

"तसं नको. हारुनभाईंच्या दिवाणखान्यासाठी कालवलेले दोन रंग चिंध्यांवर लावून आणलेत. ओळखा."

"हा केशरी, हा बदामी."

"मघाशी डॉक्टरांनी या चिंध्या पाहिल्या, त्यांनी सांगितलं असेल."

"डॉक्टरला रंगातलं काय कळतंय? बदामीत पिवळ्या मातीबरोबर तू चिमूटभर गेरू टाकलास, तेही सांगितलं का त्यांनी?"

"टाकला खरा. हारुनभाईंच्या लेकीचं, मदिनाचं लग्न तोंडावर आलंय. वनाला रंग दिसला तरच काम तुम्हाला, असं म्हणालेत हारुनभाई."

"मग बदामीच लावू. केशरी दिवसा खुलतो, पण कंदिलाच्या उजेडात काळवंडतो."

"त्यांना केशरी आवडलाय."

"दोन्ही रंग भिंतीवर लावून संध्याकाळी दाखवू, म्हणजे पटेल. आजच शिडीवर चढतो."

"दोन महिने शिडी नको म्हणालेत डॉक्टर."

"मग तू चढ. कुठं राहिलंय ते मी खालून सांगतो."

"दोन वर्षं तुम्हाला दिसत नव्हतं, तेव्हा मीच चढत होते. कुठं काही राहिलं नाही."

"ते आता बघतो की."

"बघाच. चला, आधी चौथ्या गल्लीतली शाळा दाखवते. चारही भिंती माझ्या हातच्या आहेत."